बेचाळीस किलोमीटर शिल्लक

तानाजीचं कोइमतूरला सोनं गाळून शुद्ध करायचं, गलाईचं दुकान. नवी गाडी घेऊन तो विट्याला आला. आई अंबूबाई शेजारी बसली आणि डॅशबोर्डवर पान्याच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला. खाली आकडा : बेचाळीस किलोमीटर शिल्लक. आई उतरली की दिवा विझायचा.

"सर्व्हिसची आठवण हाय रं ती," गॅरेजातला बादशहा मिस्त्री म्हणाला. "आकडा संपला की काम करून घ्यायचं." त्यानं तो पुसून दिला. आई पुन्हा बसली. बेचाळीस.

"गाडीचं काम न्हाई गड्या हे," बादशहा एवढंच बोलला आणि हात धुवायला गेला.

नवी गाडी औंधच्या यमाईला दाखवायची, हा आईचा नवस. औंध अडतीस किलोमीटर.

"जायला पुरतंय की," मागच्या सीटवरून बायको माया म्हणाली. परतीचं कुणी काढलं नाही. तानाजीनं गाडी सुरू केली.

"लय गुणाचं हाय माझं लेकरू," आई वाटभर सांगत होती. आकडा एकेकानं उतरत होता.

देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी चार उरले. चाकाखाली लिंबू ठेवायला आई खाली उतरली. मायाही उतरली.

दिवा विझला नाही.

गाडी जागच्या जागी उभी होती, आत एकटा तानाजी. आकडा तीन झाला. मग दोन.

मायानं काचेतून तो वाचला. मागचं दार उघडून तिनं आपली पर्स तेवढी काढून घेतली आणि दार हलकेच लावलं.

समोर आई दोन्ही हातांनी बोलावत होती. "घे रं बाळा, घे पुढं!"