तक्रार वाचून दाखवतो

“आज मांजर,” चीफ वॉल्ट हसत म्हणाला. “‘माझं मांजर शोधू नका, ते सुखात आहे.’ काल शिकागोच्या बसची तक्रार. अगं मारेन, झुपानबाई आपल्या यंत्राच्या प्रेमात पडल्यात बघ. आणि त्या रोजच्या तक्रारी तपासायच्या कुणी? आपणच! जा, सांग त्यांना, सोमवारपासून आवाज बदलतोय.”

मारेनने टोपी उचलली. मिनेसोटाच्या त्या खाणगावात पोलीस उरले होते तिघेच. फोनवरच्या तक्रारी आता यंत्र घ्यायचं आणि चूक नको म्हणून शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचं. सुरुवातीला लोक त्याच्याशी बोलेनात. तेव्हा गावसभेनेच ठरवलं, आवाज सार्जंट आर्विडचा द्या. त्याच्या वायरलेसच्या जुन्या ध्वनिफिती होत्याच; त्यांवरून यंत्र त्याच्या बोलण्याच्या लकबीही शिकलं.

आर्विड म्हणजे मारेनचा बाप. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते. कधी कधी गाडीत बसून तीही उगाच तो नंबर लावायची.

झुपानबाईंनी कॉफी ओतली, अक्रोडाचा रोल कापला. फ्रिजवर त्यांच्या मुलीचा, टीनाचा फोटो होता. शाळेतला, हसरा. त्यानंतरचा फोटोच नव्हता.

“एवढ्यात नका बदलू तो आवाज, पोरी,” निरोप ऐकून त्या म्हणाल्या.

“मलाही नकोच आहे,” मारेन म्हणाली. “तुम्हाला बाबांची आठवण येते ना?”

“रोज.” बाईंनी बशी पुढे सरकवली. “टीना नाहीशी झाली तेव्हा याच खुर्चीत बसायचा तो. सगळा तपास त्याच्याकडेच. मग तो निनावी फोन आला मला, पोरगी शिकागोला आहे म्हणून. पळून गेली असणार, म्हणाला आर्विड. तपास मिटला.”

“बाबा स्वतः आले असतील सांगायला. फोनवर कधी काही सांगायचे नाहीत ते. नेहमी दारात जायचे.”

“हो ना. त्यामुळे फोनवर त्याला मी कधी ऐकलंच नव्हतं. माणूस समोर असला की आपण चेहराच बघत बसतो.”

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी घरघरत गेली. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला.

“एकच तक्रार राहिलीय. ती झाली की खुशाल बदला.”

“बाई, पुन्हा मांजर?” मारेन हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तक्रारीचा नंबर लावला. पलीकडून फोन उचलला गेल्यावर त्या सावकाश म्हणाल्या, “लिहून घ्या. टीना शिकागोला आहे. सुखात आहे. तिला शोधू नका.”

“वाचून दाखवतो,” आर्विडचा आवाज आला. “टीना शिकागोला आहे. सुखात आहे. तिला… शोधू नका.”

बाईंनी फोन बंद केला. त्या मारेनकडे वळल्या.

“त्या दिवशीच्या फोनवरही,” त्या म्हणाल्या, “‘शोधू नका’च्या आधी तो असाच थांबला होता.”