भिंतीवरचा साप

पाखोमने घुबडाचा डोळा फोडला, छिन्नीवरची धूळ फुंकली आणि शिडीवरूनच म्हणाला, "मामा, जरा लांब बसा की. सगळं तुमच्या अंगावर पडतंय."

पेतेसे जागचा हलला नाही. इसिस देवीच्या देवळाच्या या भिंतीवरची शेवटची चित्राक्षरं त्याच्याच हातची होती, आणि ती वाचणारा बेटावर आता तो एकटाच उरला होता. दोन्ही मुलांना त्याने शिकायला बसवलं होतं. एकाने होडी धरली. दुसऱ्याने मूठभर ग्रीक अक्षरं गिरवली आणि कचेरीत चिकटला. तेवढ्या अक्षरांत सगळं जग लिहून होतं म्हणे. म्हाताऱ्याने राग धरला नाही. पोट कुणाला चुकलंय?

पाखोम हा त्याचा जावई. हाडाचा पाथरवट, आणि बायकोसकट नव्या धर्मात गेलेला. देवळाचं चर्च व्हायचं होतं. भिंतीवर जे जे जिवंत दिसेल त्याचा डोळा फोडायचा नाहीतर मान तोडायची, बाकीच्या खुणांवर नंतर गिलावा चढेल, असा बिशपांचा हुकूम होता. आणि पुढच्याच ओळीत तानेफ्रेतचं नाव होतं.

तानेफ्रेत म्हणजे पेतेसेची बायको, पाखोमची सासू. भिंतीवर नाव शाबूत आहे तोवर माणूस तिकडे पश्चिमेला, मेलेल्यांच्या देशात, खातंपितं, हाकेला ओ देतं. नाव फुटलं की ते दुसऱ्यांदा मरतं, आणि ते मरण कायमचं, असं पेतेसेला त्याच्या बापाने शिकवलं होतं. सकाळपासून तो त्यासाठीच येऊन बसला होता, पण जावयापुढे तोंड उघडत नव्हतं. लेकीने दोघांची भाकरी, कांदा आणि खारवलेले मासे एकाच फडक्यात बांधून दिले होते. ते फडकं मांडीवर घेऊन तो नुसता बसला होता.

"जावईबापू," शेवटी तो म्हणाला, "पुढची एक ओळ सोडाल? तुमच्या सासूबाईंची आहे."

पाखोमचा हात थांबला. तो काही वाईट माणूस नव्हता. सकाळपासून घावसुद्धा बेताचेच घालत होता. पण संध्याकाळी चर्चचा माणूस येऊन ओळीओळीवरून बोट फिरवणार होता. एक जरी जिवंत राहिलेलं दिसलं, तरी उद्या दुसरा पाथरवट येईल आणि तो सगळी भिंतच खरवडून काढेल, हे त्याने सासऱ्याला समजावून सांगितलं. सांगताना त्याने भिंतीवरून नजर काढली नाही.

त्याने छिन्नी पुन्हा उचलली, छातीवर क्रूस काढला आणि एका बदकाची मान उडवली. पुढच्या ससाण्याच्या वेळीही तेच. आधी क्रूस, मग घाव.

"तुमचे बिशप म्हणतात, या नुसत्या रेघा आहेत," पेतेसे म्हणाला. "मग दरवेळी क्रूस कशाला काढता?"

पाखोम जरा ओशाळला. "रेघाच आहेत, मामा," तो हळूच म्हणाला. "पण बघतात."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटावं याची लाजही वाटली, पण वाटलं खरं. त्याच्या पोटच्या मुलांना ही अक्षरं कधी बघताना दिसली नव्हती. बाप त्याला सांगायचा की थोथ देवाने अक्षरं काही डोक्यातून काढली नाहीत. त्याने पाखरांना बोलावलं, सापाला बोलावलं, भाकरीला बोलावलं आणि म्हणाला, इथे जरा थांबा, माणसांना तुमचं काम आहे. ती थांबली. तेव्हापासून थांबलेलीच आहेत.

शिडी पुढे सरकली. पाखोमने नवी ओळ डोळ्यांखालून घातली. भाकरी, एक उघडं तोंड, आणि त्यांच्यामध्ये छोटासा शिंगवाला साप. त्याने क्रूस काढला, छिन्नी टेकवली आणि तशीच उचलून घेतली.

"याची मान आधीच कापलीय. कुणी कापली?"

"मी."

"तुम्ही?"

"तिच्या नावात साप येतो, त्याला मी काय करणार? पण मेलेल्या माणसाच्या उशाशी जिवंत साप कसा ठेवायचा? ज्या दिवशी कोरला त्याच दिवशी कापला. आमच्या घराण्यात तशी रीत आहे."

पाखोमने त्या चिरेवरून बोट फिरवलं. चीर बारीक होती, नीट मापाची. तानेफ्रेत गेली त्या आठवड्यातही म्हाताऱ्याचा हात चुकला नव्हता. पाखोमने ओळ पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मान असलेलं दुसरं काही तीत नव्हतं.

"मग इथे माझं काम नाही," तो म्हणाला. खाली उतरला आणि शिडी पुढे ओढली.

पेतेसेला रडू आलं. धुळीवर ढकलता आलं असतं, पण त्याने ढकललं नाही.

पुढच्या ओळीत कुणा मेलेल्याचं नाव नव्हतं, तिथे पेतेसेच्या आज्याने कोरलेला साप होता. चांगला हातभर लांब, मान उभारून बसलेला, अख्खा. पाखोमने क्रूस काढला. छिन्नी डोळ्याशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. मग एक पायरी खाली उतरला.

"मामा," त्याने विचारलं, "याला... कुठून सुरुवात करायची?"

किती वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. पेतेसेने भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"डोळ्याला हात लावू नका. आधी मान," तो म्हणाला. "आणि एकाच घावात. इतकी वर्षं बिचारा सांगितल्या जागी बसून आहे."