निदान तीस

मुकेश काम, म्हणजे कापडात चांदीची बारीक तार गुंफणं. ते करणारे लखनौत नऊच म्हातारे उरलेत, हे मी दोन वर्षं गल्लोगल्ली हिंडून शोधलं आणि अहवाल घेऊन कलाधोरण ठरवणाऱ्या समितीकडे गेलो. या नऊ जणांना मानधन द्या, हाताखाली शिकाऊ द्या, एवढंच मागणं होतं.

समितीचे सचिव माणिकराव आपल्याकडचेच, सांगलीचे. चहा मागवला, पानं चाळली.

“सुबोधजी, यंदापासून धोरण पुराव्यावरच ठरवायचं, असा आदेश आहे. आणि नऊ म्हणजे सॅम्पल फारच छोटं हो. निदान तीस तरी पाहिजेत.”

“अहो, अख्ख्या शहरात नऊच आहेत!”

“हाँ, पण नियम आहे ना. पुढच्या वर्षी नीट सर्व्हे करून आणा.”

वर्षभरात त्यांतल्या तिघांच्या जनाज्याला मी खांदा दिला. उरलेल्या सहांची नावं घेऊन पुन्हा गेलो.

माणिकरावांनी जुना अहवाल नव्याशेजारी ठेवला, दोन्हीकडे बोट फिरवलं आणि चष्मा काढला.

“यंदा तुम्ही मेहनत कमी घेतलीत, सुबोधजी.”