सतरंजीवरचं बोट

“बंधू-भगिनींनो, मी तुमच्यातलाच आहे.”

संजनाने पत्रकाची पहिली ओळ वाचली. चिमणाबाईंनी सतरंजीवर बोट टेकवलं. संजना थांबली.

“कुठं राहतो हा?” चिमणाबाई म्हणाल्या. “आमच्यातला असता तर सकाळी नळावर दिसला असता.”

रीत मल्हारीची होती. इलेक्शन आलं की दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर कुणाचंही एक प्रचारपत्रक घ्यायचं. उमेदवाराचं नाव आणि निशाणी आत दुमडून वर टाचणी लावायची. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी गोल बसून ऐकायचं. जिथे शंका येईल तिथे मध्ये बोलायचं नाही, नुसतं सतरंजीवर बोट टेकवायचं. मग चर्चा. टाचणी अगदी शेवटी काढायची.

इतकी वर्षं वाचायचा तो मल्हारीच. आज तो खिशातून चष्मा काढत होता तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “आज बाईंना वाचू द्या की.” बाई म्हणजे संजना. गंगापूर रोडच्या एका शाळेत शिकवायची. लग्न होऊन वस्तीत आली त्याला वर्षही झालं नव्हतं.

चष्मा अजून मल्हारीच्या हातातच होता.

“निवडून येताच घरोघरी नळ देईन.”

बरीच बोटं टेकली. मल्हारीने घसा साफ केला. “हे पोकळ आश्वासन आहे. मागच्या इलेक्शनलाही मी हेच सांगितलं होतं.”

“हो ना,” दोघं-तिघं म्हणाले. एकाने जांभई दिली.

संजनाने ती ओळ मनाशी पुन्हा वाचली. “नळ देईन म्हणतोय. पाणी देईन असं कुठं म्हणाला?”

सगळे हसले. मल्हारीची बायको, सुलाबाई, तोंडाला पदर लावून हसत होती. मल्हारी तिच्याकडे बघत राहिला. आपल्या बोलण्यावर ती असं कधी हसली होती, त्याला आठवेना.

“मला स्वतःसाठी काहीच नको.”

या ओळीला सगळ्यांची बोटं एकदम खाली गेली. लहान मुलांचीसुद्धा.

“हे तर काकांनी शिकवलेलं,” संजना म्हणाली. “काका, तुम्हीच सांगा.”

मल्हारी ताठ बसला. “काही नको म्हणणारा भेटला, की त्याला काय हवंय ते आधी शोधायचं.”

“पाठ हाय आता, भाऊ,” चिमणाबाई म्हणाल्या.

संजना मान हलवत होती. वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवतात तशी. तेव्हा मल्हारीच्या लक्षात आलं, हिने आपल्याला बोलायला दिलं. आपल्याच सतरंजीवर.

“काढू टाचणी?” तिने विचारलं.

“थांबा.” मल्हारी उभा राहिला. आजवर चर्चेत कुणी उभं राहून बोललं नव्हतं. तो स्वतःही नाही.

“बंधू-भगिनींनो.”

“मी इथलाच आहे. ही सतरंजी आली तेव्हापासून आहे.”

“संजनाताई शिकलेल्या आहेत, हुशार आहेत. पण माणसांना हसवणं वेगळं आणि विचार करायला लावणं वेगळं. काल आलेल्या माणसाला वस्तीचं काय माहीत?”

“म्हणून पुढच्या रविवारपासून वाचायचं काम जुन्या माणसाकडेच असू द्या.”

“वस्तीच्या भल्यासाठी सांगतोय. मला स्वतःसाठी काहीच नको.”

वर पंखा फिरत होता.

सुलाबाईने नवऱ्याकडे बघितलं नाही. जरा पुढे वाकून तिने सतरंजीवर बोट टेकवलं.

मग चिमणाबाईंनी. मग त्यांच्या शेजारच्याने. मग एकेक करत गोलातल्या सगळ्यांनी.

संजनाने मात्र टाचणी न काढताच पत्रक खाली ठेवलं, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.