पदराकडे बघ

“म्हाताऱ्या माणसाला ‘दम लागतो का’ असं विचारू नकोस, स्नेहा. ‘नाही’च म्हणतात,” डॉ. रंजना म्हणाल्या. “पदराकडे बघ. श्वासागणिक वर येतो, खाली बसतो. ते श्वास मोज. फोनवर बोलणाऱ्याचे आधी.”

“आणि आजोबा असले तर, मॅडम?”

“मग गोधडीकडे बघ. घे, कॉल आला.”

फोनवरून म्हाताऱ्यांना तपासायला शिकणाऱ्या डॉक्टरांत स्नेहा सर्वांत नवी. हा तिचा पहिला खरा पेशंट. नोंद कोसाडच्या वसाहतीतल्या सुकदेव आजोबांची होती. पूर्वी कापडाच्या लूमवर कामाला.

पडद्यावर मात्र एक आजी आल्या. फोन माठाला टेकवून खाटेशेजारी बसलेल्या. मागे पंख्याच्या वाऱ्यावर कॅलेंडर फडफडत होतं. खाटेवर गोधडीत कोणीतरी निजलं होतं.

“बेन, मी उषाबाई. ह्या मना मालक. सकायपासून ऊठतस नहीत. जेवाले बलावं का पहिले येनारा मानूस! आज हाका मारी मारी थकनू, आयकतस नहीत.”

“आधी घरी दिलेला तो ऑक्सिजनचा चिमटा तुमच्या बोटाला लावा, आजी.”

चिमट्यावर आकडाच येईना.

“मना हातच थंडा शेतस. मनं ऱ्हाऊ दे. त्यासनं देख.”

आजोबांच्या बोटावर लगेच आकडा आला. चौऱ्याऐंशी. गोधडी भराभर वरखाली होत होती.

“शेजाऱ्यांना हाक मारा, आजी. लगेच!”

“त्यास्ले बी मनं आयकू येत नही. म्हातारीनं कोन आयकस? तू तरी आयकी लिधं. धाड ना कोनले.”

स्नेहाने रुग्णवाहिका पाठवली आणि आजींना बोलतं ठेवलं.

“भित्रा शे मना मानूस,” आजी म्हणाल्या. “दवाखानामा एकला नका ठेवजात.”

“तुम्ही असालच की सोबत.”

आजी नुसत्या हसल्या. तेवढ्यात दारावर थापा पडल्या आणि कॉल तुटला.

संध्याकाळी डॉ. रंजना खुशीतच आत आल्या. “न्यूमोनिया. पण आजोबा वाचले. गाडीवाल्यांना आतली कडी तोडावी लागली म्हणे. आजींना गुडघ्यांमुळे उठवलं नसेल. बरं, आजींचे श्वास किती भरले?”

स्नेहा ओशाळली. “नाही मोजले, मॅडम. त्या चांगल्या बोलत होत्या.”

“म्हणून सोडून दिलंस? बोलणाऱ्याचे आधी, सांगितलं होतं ना? रेकॉर्डिंग लाव. आता मोज.”

स्नेहा पडद्याजवळ सरकली. कॅलेंडर फडफडत होतं. गोधडी वरखाली होत होती. उषाबाई बोलत होत्या, हसल्या.

शेवटपर्यंत त्यांचा पदर एकदाही हलला नाही.