थर बसेपर्यंत

"आत्या, आधी टीव्ही मोठा कर ना," चिमणी म्हणाली.

तिच्या हातात लाटणं होतं आणि समोर ओट्यावर, पिशवीत भरलेली चॉकलेटची बिस्किटं. ती नुसती ठेचायची होती. सात वर्षांच्या पोरीला याहून मजेचं काम कुठलं, म्हणून आत्यानं ते मुद्दाम भाचीसाठी राखून ठेवलं होतं.

"टीव्ही कशाला गं? हाण की बिनधास्त. बिस्किटं काय ओरडणार आहेत?"

"पण आवाज बाहेर जातो ना," चिमणीनं समजावून सांगितलं. "बाबा आधी टीव्ही मोठा करतात. आईच्या बोटांच्या वेळीपण केला होता."

आत्याचा चमचा पातेल्यातच थांबला. मंद आचेवर, दुधात मार्शमेलोचे मऊ, गोड तुकडे विरघळत होते.

आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्याच्या शेजारी बसून, काळजाचं पाणी झालं तरी शांत आवाजात बोलायची तिला सवय होती. त्याच आवाजात तिनं विचारलं, "काय झालं होतं आईच्या बोटांना?"

"गाडीच्या दारात सापडली," चिमणीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग लाटण्याकडे बघत हळूच म्हणाली, "असं सांगायचं."

आत्यानं गॅस बंद केला. चिमणीच्या हातातून लाटणं काढून घेतलं आणि बिस्किटं हातानंच चुरली. आवाज न करता.

तिचा दादा, चिमणीचा बाबा, जनावरांचा डॉक्टर होता. बिथरलेलं घोडं त्याच्या नुसत्या बोलण्यानं शांत व्हायचं. पाय मोडलेलं कुत्रं मांडीवर घेऊन तो तासन् तास बसायचा. आज त्याचा वाढदिवस, आणि त्याला लहानपणापासून आवडणारं हे गारेगार चॉकलेट. दुपारीच वहिनी आणि चिमणी पुढे आल्या होत्या. दवाखाना आटोपून तो संध्याकाळी येणार होता.

चुऱ्यात लोणी घातलं, ट्रेमध्ये दाबून बसवलं. त्यावर चॉकलेटचा थर. गार झालेल्या मार्शमेलोत फेटलेलं क्रीम मिसळून तिसरा थर. तिचे हात आपोआप चालत होते, डोकं जागच्या जागी थिजलं होतं. ट्रे फ्रीजमध्ये ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

वहिनी पलंगावर बसून होती. बँडेजमधली दोन बोटं उशीवर ठेवलेली.

"वहिनी, चिमणी बोलली."

वहिनीनं आधी दाराकडे बघितलं. "त्यांना कळू देऊ नका, ती बोलली म्हणून."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार, ताई? तुमचं उठता-बसता 'माझा दादा, माझा दादा'."

तेवढ्यात बेल वाजली.

दादा हसतहसतच आत आला. "झालं का माझं चॉकलेट?" थेट फ्रीजपाशी गेला, ट्रेमध्ये बोट बुडवलं आणि चाटलं. "पातळ आहे गं अजून."

"थर बसायला वेळ लागतो," आत्या म्हणाली. त्या बोटाकडे ती बघत राहिली. स्वच्छ हात, बारीक कापलेली नखं. सायकल शिकताना याच हातानं तिचं सीट धरून ठेवलं होतं.

"मग उद्या दे पाठवून. दमलोय मी. चला, निघू या. चिमणे, बूट."

चिमणी ताडकन उठली. घाईघाईत डाव्या पायात उजवा बूट घालायला लागली.

"त्या दोघी इथंच राहणार आहेत," आत्या म्हणाली.

"आज?"

"आज. उद्याही. पुढचं पुढे बघू."

तो हसला. मग हसणं तसंच ठेवून त्यानं आतल्या दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं. "काय सांगितलंस गं हिला?" आवाज तोच, घोड्यांना शांत करणारा.

आत्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "त्या काही बोलल्या नाहीत. बोलतेय ती मी. दादा, तू घरी जा."

एक क्षणभरच त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत हा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता. वहिनी मात्र भिंतीला टेकली होती, बँडेजचा हात पाठीमागे लपवून.

"वाढदिवसाच्या दिवशी हाकलतेस मला?"

"जा. नाहीतर मी दार सताड उघडून ओरडेन. सगळे शेजारी गोळा करेन."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग किल्ल्या उचलल्या आणि गेला. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत कोणी हललं नाही.

आत्यानं कडी लावली आणि तिथंच फरशीवर बसली. मग फोन हातात घेतला. "आईला सांगायला हवं. आता तो सरळ तिच्याकडे जाईल, काहीबाही मनात भरवेल."

"नका करू फोन," वहिनी म्हणाली.

"का? आईला असलं अजिबात खपायचं नाही. कान उपटेल ती त्याचे." तिनं नंबर लावलाही. रिंग वाजायला लागली.

वहिनी खाली तिच्याजवळ येऊन बसली. चिमणीचे बूट काढता काढता अगदी सहज म्हणाली, "आई त्या दिवशी आमच्याकडेच होत्या, ताई. बर्फ त्यांनीच दिला आणून, फडक्यात गुंडाळून. म्हणाल्या, सूज उतरली की होईल सगळं ठीक."

पलीकडे फोन उचलला गेला होता.

"हॅलो," आई म्हणाली. "बोल गं बाळा."