तांदळाचा न्याय

घोटीच्या राइस मिलमध्ये मालकिणीची सोनसाखळी गेली, तसं मालकांनी सगळ्या कामगारांना मूठभर कोरडे तांदूळ चावून थुंकायला लावले. चोराचं म्हणे तोंड सुकतं अन् तांदूळ कोरडेच राहतात. "मालक, त्यापेक्षा पोलिसात तक्रार द्या," म्हातारी कुसाबाई म्हणाली. "पोलीस चुकतात," मालक म्हणाले. "तांदळानं दरवेळी कुणाला तरी धरून दिलंय." बाकीच्यांनी ओला लगदा थुंकला, कुसाबाईनं नुसतं कोरडं पीठ. "मला शुगर हाय, मालक. माझं तोंड कायमच कोरडं असतं." "म्हणजे चोरीची सवय जुनी हाय," मालक म्हणाले. सगळे खदाखदा हसले, अन् तिला कामावरून हाकललं. आठवड्यानं साखळी मालकिणीच्याच गादीखाली सापडली. कुसाबाई धावतच मिलवर आली. "आता तरी कामावर घ्या, मालक." "तू गेलीस तशी साखळी आली. तुला परत घेऊन ती पुन्हा घालवू काय?" मालकिणीनं गळ्यातली साखळी पदराआड लपवली.